कादंबरी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे

‘तुमच्यातले एखादे चांगले पुस्तक सुचवा.’ बारामतीतल्या एका वाचनकट्ट्याचा हा निरोप आमच्याकडे आला, त्याला आता दोन वर्षे होतील. निरोप घेऊन आलेल्या बाई मनाने निर्मळ. दर महिन्याला एक पुस्तक ठरवायचे, सगळ्यांनी ते वाचून यायचे आणि कुणाच्या तरी घरी बसून दीड-दोन तास त्यावर बोलायचे, असा त्यांचा शिरस्ता. असे कट्टे आता तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागले आहेत, त्याचा आम्हांला आनंदच आहे. ‘तुमच्यातले’ हा शब्द तेव्हाही खटकला होता. पण प्रत्येक शब्दाला ठेच लागू लागली तर मराठी मुसलमानाला चार पावले चालताही येणार नाहीत. म्हणून आम्ही तो शब्द गिळला आणि तीन नावे लिहून दिली. हमीद दलवाई यांची ‘इंधन’, राजन खान यांची ‘हलाला’ आणि समर खडस यांचा ‘बकऱ्याची बॉडी’ हा कथासंग्रह. आठ दिवसांनी उत्तर आले, ‘हलाला’ ठरले. का, असे विचारले तर म्हणाल्या, विषय ज्वलंत आहे.

आमच्यातल्या दोघी त्या बैठकीला गेल्या. एक शाळेत शिकवणाऱ्या आपा आणि दुसरी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. मुलीने कादंबरी दोनदा वाचली होती, वहीत टिपणे काढली होती. नवऱ्याने तोडलेली बाई पुन्हा त्याच घरात यावी म्हणून जी खटपट होते, तिच्यात त्या बाईचे स्वतःचे मन कुठे वळते. लेखक बाईच्या बाजूने उभा आहे की नुसता प्रथेच्या विरोधात उभा आहे. आणि या दोन गोष्टी एकच आहेत की वेगळ्या, हे तिला बोलायचे होते. प्रश्न चांगला होता. तो विचारायची वेळच आली नाही. बसल्या बसल्या पहिला प्रश्न तिच्याकडे आला, ‘तुमच्याकडे अजून चालतं का हो हे?’ दुसरा आला, ‘तुमच्या नात्यात कुणाचं झालंय का?’ मग २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, २०१९ चा कायदा झाला, समान नागरी कायदा झाला. कादंबरीचे एक पान उघडले गेले नाही. परत येताना मुलगी म्हणाली, ‘आपा, मी पुस्तकावर बोलायला गेले होते. त्यांनी माझी जबानी घेतली.’

आमचे भांडण या वाक्यापासून सुरू होते.

प्रथेवर बोलू नये असे आमचे म्हणणे आहे, असा कुणी अर्थ काढील म्हणून आधीच सांगतो. हलालासारख्या गोष्टीवर बोललेच पाहिजे, आणि ते आमच्या माणसांनी फार पूर्वीपासून, फार मोठी किंमत मोजून केले आहे. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे राहिले ते कशासाठी, १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते कशासाठी, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. या दोन वाटा एकमेकींशी भांडल्या, आजही भांडतात. पण समाजातल्या अन्यायावर बोलायचे नाही, असे दोघींपैकी कुणीही म्हटले नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याच कट्ट्यावर आधी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचली गेली होती. कर्जात बुडालेल्या शेतकरी घराची ती कादंबरी, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्या दिवशी बैठकीतल्या शेतकरी घरच्या बाईंना कुणी विचारले का, ‘तुमच्याकडे अजून चालतं का हो हे, तुमच्या नात्यात कुणी फास घेतलाय का?’ नाही विचारले. तिथे कादंबरीतला मुलगा आणि त्याचा बाप यांच्यावर बोलणे झाले. त्यांच्या पात्रांना माणूस म्हणून वाचले गेले, आमच्या पात्रांना पुरावा म्हणून. मराठी साहित्यव्यवहारात आम्हांला साक्षीदार म्हणून अगत्याने बोलावले जाते, पात्र म्हणून नाही.

म्हणूनच की काय, आमच्याविषयी पुस्तक सुचवायचे झाले की बहुतेकांना आत्मकथन आठवते. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ आणि मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. दोन्ही पुस्तके मोठी आहेत, आमच्या कपाटात आहेत, आमच्या बायकांनी ती रडून वाचली आहेत. परंतु ती सुचवणाऱ्याच्या आवाजात एक समाधान असते, की हे खरे घडलेले आहे. कल्पित लिहिण्याचा, म्हणजे जे घडले नाही पण घडू शकते ते रचण्याचा, अधिकार जणू आम्हांला नाहीच. आम्ही फक्त भोगावे आणि भोगलेले सांगावे. एवढी अट दुसऱ्या कुणावर घातलेली आम्ही पाहिली नाही. दलित लेखकांवर मात्र घातली गेली, आणि त्यांनी ती केव्हाच झुगारली.

पण सगळे दगड पलीकडे भिरकावून आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या स्वतःच्या बैठकीत काय चालते ते सांगितल्याशिवाय हे लिहिणे अप्रामाणिक होईल.

आम्ही बाराजण. सात बाया, पाच पुरुष. आतार, बागवान, तांबोळी, मुलाणी, शेख, आणि अलीकडे तिघे शेजारी, एक माळ्याघरचे आणि दोन धनगरांघरचे. निम्मे बारामतीचे, निम्मे इंदापूरचे, म्हणून बैठक एक महिना इकडे, एक महिना तिकडे. आमच्या जमावाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. पैशांची सोय बायकांनी लावली. त्यांची भिशी आधीपासून होतीच. तिच्यातच दरमहा शंभर रुपये जादा टाकायचे आणि त्यांतून पुस्तक घ्यायचे. आजची बरी कादंबरी तीन-चारशेच्या खाली येत नाही, त्यामुळे प्रती दोनच येतात, फार तर तीन. एक प्रत बारामतीत फिरते, एक इंदापुरात. बागवानांच्या अडतीवर ती डाळिंबाच्या क्रेटवर पडलेली असते, तिथून शाळेत जाते, शाळेतून कुणाच्या स्वयंपाकघरात. परत येते तेव्हा तिला हळदीचे बोट लागलेले असते. मोरोपंत ज्या गावात बाबूजी नाइकांच्या वाड्यात पुराण सांगत, त्या गावात ऐकायचे आणि ऐकलेल्यावर मान डोलवायची ही परंपरा जुनीच आहे. नवीन आहे ती मान हलवून ‘नाही’ म्हणायची.

पहिल्या वर्षी आम्ही पुस्तके निवडली ती अशी, की वाचून कुणाच्याही भुवया उंचावू नयेत. आमच्यातले निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांची कसोटी ठरलेली. ‘किताब साफसुथरी पाहिजे. मुलींच्या हातात जाणार आहे.’ दुसरी कसोटी भाभींची, की ‘आपल्या लोकांना वाईट दाखवलेलं नको, आधीच काय कमी आहे का?’ या वाक्यातल्या दुखण्याला आम्ही हसत नाही. टीव्ही लावला की रोज जो मुसलमान दिसतो, तो बघून थकलेल्या माणसाने निदान पुस्तकात तरी एखादा बरा मुसलमान भेटावा असे म्हटले, तर त्याचे काय चुकले? परंतु या दोन कसोट्या लावून वर्षभर जे वाचले, त्यातले आज कुणाला काही आठवत नाही. बैठकीत सगळे म्हणायचे, छान आहे, बोधप्रद आहे. मग चहा. मग मुलांच्या परीक्षा.

साफसुथऱ्या कादंबऱ्यांत आमचा माणूस कसा असतो, ते सांगतो. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. तिला पाणी देणारे, चहा-केळी वाटणारे बागवान-तांबोळी आमच्याच घरांतले आहेत. खोटे काही नाही, आमचे वडील देत, आम्ही देतो. पण मराठी कादंबरीत हा पाणी देणारा चाचा येतो तो पाणी देण्यासाठीच. पांढरी दाढी, डोळ्यांत पाणी, ओठांवर विठ्ठल. पाणी देऊन झाले की लेखक त्याला घालवून देतो. रात्री घरी जाऊन त्याने भावाशी वाटणीवरून भांडण केले का, सोसायटीचे कर्ज थकवले का, बायकोशी आठ दिवस अबोला धरला का, त्याला पालखीच्या गर्दीचा कधी वैताग येतो का, याच्याशी कुणाला घेणेदेणे नाही. या चाचाचा दुसरा भाऊ असतो, तो वाईट. त्याच्या हातात सुरा असतो. एक भाऊ आम्हांला दाखला देतो, दुसरा दाखला काढून घेतो. पहिला भाऊ दिसला की आमच्याच लोकांनी टाळ्या वाजवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. तो चाचासुद्धा आमचा अपमानच आहे, हे कळायला आम्हांला वर्ष लागले.

कळले ते एका अशा कादंबरीमुळे, जिचा आमच्याशी काही संबंध नव्हता.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा माळ्याघरच्या काकांनी ती सुचवली. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी परत जातो, एवढीच गोष्ट. बैठक इंदापुरात होती. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमेचे पाणी मागे इंदापूर, करमाळा, दौंडच्या गावांत शिरले. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की अजून वर येते, लोक बघायला जातात. त्या बैठकीत पहिल्यांदा असे झाले की कुणी ‘छान आहे’ म्हटले नाही. धनगरांघरचे पाहुणे चिडूनच आले होते. ‘म्हैस काय माणसासाठी थांबती व्हय? लेखकाला जनावर कळत नाय,’ असे त्यांनी सुनावले. काका म्हणाले, ‘म्हशीचं नाही चाललंय ते, त्या माणसाचं चाललंय.’ अर्धा तास म्हशीवर वाद झाला. आणि तोवर कोपऱ्यात बसून असलेल्या खाला, ज्यांना वाचता येत नाही आणि ज्यांची सून त्यांना पुस्तक वाचून दाखवते, त्या बोलल्या. त्यांचे माहेर पाण्याखाली गेले. घराचे पैसे मिळाले, जमिनीला जमीन मिळाली, पण कब्रस्तानाचे काय, हे त्यांच्या अब्बांना कुणी सांगितले नाही. अब्बा पुढे दर बारातीला पाण्याच्या काठावर जाऊन फातेहा पढत. कुठल्या दिशेला तोंड करायचे, कबरी नेमक्या कुठे होत्या, हे आठवेनासे झाले तेव्हा जाणे बंद केले. खाला म्हणाल्या, ‘वो आदमी म्हैस के वास्ते नै गया. हमारे अब्बा भी पानी के वास्ते नै जाते थे.’

धनगरांघरचे पाहुणे गप्प झाले. मग त्यांनी त्यांच्या पाण्यात गेलेल्या बिरोबाच्या ठाण्याची गोष्ट सांगितली.

त्या रात्री कुणी कुणाला ‘तुमच्याकडे’ म्हटले नाही. लेखकाने मुसलमान चांगला दाखवला की वाईट, हा प्रश्न आलाच नाही, कारण खालांना त्या पुस्तकात शिरायला मुसलमान पात्राची गरज पडली नाही. आमच्यातल्या काहींना आधी याच गोष्टीचे वाईट वाटायचे, की मराठी कादंबरीत आपण नसतोच. ते वाईट वाटणे रास्त आहे आणि राहील. पण नसलेल्या ठिकाणी शिरण्याची ताकद वाचणाऱ्यात असते आणि दाखला शोधणाऱ्या वाचकात ती मरते, हे आम्ही खालांकडून शिकलो.

यानंतर ‘इंधन’ वाचायचे ठरले आणि जमाव मोडायची वेळ आली. दलवाई म्हटल्यावर सरांनी चष्मा काढून ठेवला. ‘ते नको. त्यांनी समाजाचं फार नुकसान केलं.’ दुसऱ्या बाजूने आमच्यातला एक तरुण म्हणाला, दलवाई वाचल्याशिवाय कुणाला पुरोगामी म्हणवून घ्यायचा हक्क नाही. वाद तासभर रंगला. मग आपांनी विचारले, ‘इंधन’ कुणी कुणी वाचली आहे? बाराजणांत दोघांनी. तावातावाने बोलणाऱ्या त्या तरुणाने वाचली नव्हती, सरांनीही नाही. दलवाईंच्या राजकारणावर पन्नास वर्षे भांडणाऱ्या आमच्या समाजाने, आणि त्यांना डोक्यावर घेणाऱ्या बाहेरच्यांनीही, त्यांची १९६५ ची कादंबरी आणि ‘लाट’मधल्या कथा मात्र धूळ खात ठेवल्या आहेत. माणूस हवा, नाहीतर नको. पुस्तक कुणालाच नको. दलवाईंची सगळी मते आम्हां सगळ्यांना मान्य नाहीत. काहींना तर मुळीच मान्य नाहीत. पण ‘इंधन’ हे त्यांचे भाषण नाही. कोकणातल्या खेड्यात बऱ्याच वर्षांनी परतलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारे गाव, यांत कुणाच्याही हातात दाखला मिळत नाही, ना मुसलमानाच्या, ना कुळवाड्याच्या, ना सांगणाऱ्या त्या ‘मी’च्या.

प्रत मिळवायला गेलो तर आणखी एक गंमत. एका सार्वजनिक ग्रंथालयात, नाव लिहीत नाही, संगणकावर पुस्तक ‘आहे’ असे दिसत होते आणि कादंबऱ्यांच्या खणात सापडत नव्हते. ग्रंथपाल भले गृहस्थ, त्यांनी स्वतः शिडी लावली. पुस्तक निघाले ‘इतर धर्म’ या खणात. वर्गीकरणाच्या दशांश पद्धतीत २९० म्हणजे इतर धर्म. लेखकाचे नाव हमीद, म्हणून कादंबरी तिकडे. तिथे ती बारा-पंधरा वर्षे सुखाने नांदत होती, कुणी नेलीच नव्हती. आम्ही हसलो, ग्रंथपालही हसले आणि त्यांनी त्याच दिवशी तिचा आकडा बदलला. पण विचार करा, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ वर्गांची ग्रंथालये गावोगाव उभी राहिली, अनुदानातून पुस्तके घेतली जाऊ लागली, शासनमान्य ग्रंथांच्या याद्या निघू लागल्या. यादीत नाव आले, पुस्तक विकत घेतले गेले, शिक्का बसला, आणि शेवटी एका आकड्याने ते वाचकापासून लपवले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ पासून पेट्या भरून पुस्तके माणसांपर्यंत नेते, साताऱ्यातल्या भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडली आहेत. उत्तम आहे. पण पेटी कुणी भरायची, हा प्रश्न राहतोच. पेटी भरणाऱ्याच्या मनात आम्ही ‘कादंबरी’ आहोत की ‘इतर’, तेवढे त्याने एकदा तपासून पाहावे.

‘इंधन’ दोन प्रतींवर बाराजणांत फिरायला तीन महिने लागले. सर शेवटी बोलले. म्हणाले, ‘सांगणारा माणूस मला आवडला नाही. पण तो मला ओळखीचा आहे.’ मग थोडे थांबून, ‘आणि हे पुस्तक मुलींच्या हातात द्यायला मला अजून बरं वाटत नाही.’ आम्ही त्यांना काही म्हटले नाही. मुलीच म्हणाली, ‘सर, ते आधीच माझ्या हातात आहे.’

२०२५ च्या मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, तेव्हा आमच्या बैठकीत पेढे वाटले गेले. हासनसारख्या गावात वकिली करणारी बाई, कन्नडमध्ये लिहिते, उर्दू-दखनी घरात बोलते; दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेलेल्या तिच्या बारा कथांना जगाने डोक्यावर घेतले. हे बक्षीस कथासंग्रहाला पहिल्यांदाच मिळाले, कन्नडलाही पहिल्यांदाच. पण पेढे खाताना आम्हांला तिचा बाकीचा हिशेबही आठवत होता. २००० साली, बायकांनी मशिदीत जावे असे म्हटले म्हणून तिच्यावर तिच्याच समाजाने बहिष्कार टाकला होता. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्घाटन तिच्या हस्ते नको म्हणून दुसरी माणसे कोर्टात गेली. कोर्टाने त्यांचे ऐकले नाही. एका बाजूला तिने समाजाची अब्रू घालवली, दुसऱ्या बाजूला ती ‘तुमच्यातली’. तिच्या कथांतल्या बायांना मात्र कुणाची अब्रू राखायची नाही आणि कुणाला पुरावाही पुरवायचा नाही.

भास्तीबाईंची एक गोष्ट आम्हांला फार भावली. भाषांतरात आलेले कन्नड, उर्दू, अरबी शब्द त्यांनी तिरके छापले नाहीत, तळाशी टिपा देऊन समजावत बसल्या नाहीत. वाचणाऱ्याने आपणहून समजून घ्यावे. आणि आमच्या मराठीत? खाला, फुफी, दस्तरख्वान, चालीसवाँ, प्रत्येक शब्दाला कंस. संपादक म्हणतो, वाचकाला कळणार नाही. कुठल्या वाचकाला? साडेतीनशे वर्षांपूर्वी श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेले, त्यांना कुणी मराठी समजावून सांगितली नव्हती. कऱ्हाकाठच्या मुसलमानाला ‘गुढी’, ‘वाण’, ‘हळदीकुंकू’ यांचा अर्थ कंसात लागत नाही, तर शेजारच्याला ‘खाला’चा का लागावा? लागत असेल तर दोष शब्दाचा नाही, इतकी वर्षे शेजारी राहून हाक न ऐकणाऱ्याचा आहे.

आता जे लिहायला हात अडखळतो ते.

बुकरच्या बातमीनंतर आमच्या त्या मुलीने एक कथा लिहिली. मराठीत, वहीत, निळ्या शाईने. अडतीवर काम करणाऱ्या बापाची आणि त्याच्या दोन मुलींची कथा. थोरलीचे लग्न ठरते, धाकटी बापाच्या हिशेबाच्या वहीत एक आकडा बघते आणि गप्प बसते. शेवटी बाप वाईट ठरत नाही, चांगलाही ठरत नाही. तिने ती बैठकीत वाचली. वाचून झाल्यावर आम्ही, म्हणजे ‘रिंगाण’वर तासभर बोलणारे, ‘इंधन’ पचवलेले, पेढे वाटलेले आम्ही, काय म्हणालो? भाभी म्हणाल्या, ‘बाप नमाजी आहे ते काढ, लोकां क्या बोलेंगे.’ तरुण म्हणाला, धाकटीने गप्प बसू नये, बंड करावे, म्हणजे संदेश जाईल. सर म्हणाले, उद्या हे बाहेरच्या कट्ट्यावर वाचले तर पुन्हा तेच होईल, ‘तुमच्याकडे असं असतं का?’ आणि ज्या आपांना ती जबानीचे वाक्य बोलली होती, त्या आपाही म्हणाल्या, ‘शेवट थोडा बदलून बघ ना बेटा.’

बारापैकी एकानेही विचारले नाही, की धाकटी गप्प का बसते.

मुलीने वही मिटली. कथा कुठे पाठवली नाही. पुढच्या बैठकीला आली नाही, त्याच्या पुढच्या बैठकीलाही नाही. परीक्षा होती, असे तिच्या अम्मीने सांगितले. परीक्षा होतीच. मुस्लिम मराठी साहित्यात कविता उदंड, वैचारिक लेख उदंड, कथा-कादंबरी लिहिणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके का, यावर आमच्या संमेलनांतून परिसंवाद झडतात. शिक्षण नाही, प्रकाशक नाही, मराठी समीक्षा दखल घेत नाही, अशी कारणे दिली जातात. सगळी खरी आहेत. आम्ही त्यांत एक भर घालतो, कारण ते कारण आम्ही आमच्या डोळ्यांनी, इंदापुरातल्या एका बैठकीत, स्वतःच्या तोंडाने घडवले. कविता लिहिणाऱ्याला माणूस रचावा लागत नाही, लेख लिहिणाऱ्याला तर नाहीच. कथा लिहिणाऱ्याला रचावा लागतो; आणि रचलेला माणूस वहीतून बाहेर पडण्याआधी त्याच्याकडे दाखला मागणारे आम्ही दारात उभे असतो. पलीकडचे विचारतात, ‘तुमच्याकडे असं चालतं का?’ आम्ही विचारतो, ‘असं चालतं हे त्यांना कशाला सांगायचं?’ दोघांच्या मध्ये ती वही मिटते.

त्या बारामतीच्या कट्ट्याकडून यंदाही निरोप आला. ‘तुमच्यातले’ हा शब्द यावेळी नव्हता. बाईंच्या ते ध्यानात आले असावे, किंवा कुणी सांगितले असावे. आम्ही ‘बकऱ्याची बॉडी’ पुन्हा सुचवले आहे. सोबत लिहिले आहे की आमच्याकडून कुणी बोलायला येणार नाही. पुस्तक तुम्हीच वाचा, पात्रांशी तुम्हीच भांडा, आणि वाटले तर पुढच्या महिन्यात आमच्याकडे येऊन सांगा काय भांडलात ते. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

आमची पुढची बैठक इंदापुरात, खालांच्या घरी आहे. ‘लाट’ ठरली आहे, प्रती दोन. त्यांतली एक आपांनी स्वतः मुलीच्या घरी नेऊन दिली. वहीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. निघताना दारात फक्त एवढेच विचारून आल्या, की धाकटी गप्प का बसते.